उरलेले तेल आणि साठवलेला वायू

जमिनीखाली सापडलेल्या खनिज तेलापैकी बराच मोठा भाग कधीच वर येत नाही. जगभरातील तेलक्षेत्रांची सरासरी काढली, तर मूळ साठ्याचा जेमतेम एक तृतीयांश हिस्सा हाती लागतो आणि उरलेले तेल खडकातच राहते. विहीर खणल्यावर सुरुवातीला साठ्यातील नैसर्गिक दाबामुळे तेल आपोआप वर येते. तो दाब ओसरला की आजूबाजूच्या विहिरींतून पाणी सोडून तेल पुढे ढकलले जाते आणि पाण्याने होईल तेवढे काम झाल्यावरही खडकाच्या केसासारख्या बारीक छिद्रांत तेलाचे थेंब अडकून राहतात. छिद्रांची तोंडे अरुंद असतात, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत आणि त्यांच्या सीमेवरील पृष्ठताण थेंबाला त्या तोंडातून बाहेर पडू देत नाही. पाण्याचा जोर कितीही वाढवला तरी पाणी आपली सोपी वाट धरून निघून जाते आणि थेंब जागीच राहतो. हा पृष्ठताण नाहीसा कसा करायचा, हा तेलकाढणीच्या तिसऱ्या टप्प्यापुढील मुख्य प्रश्न आहे आणि त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत परिणामकारक उत्तरांत कार्बन डायऑक्साइडची गणना होते.

नेहमीच्या हवेत हा वायू म्हणून वावरणारा पदार्थ ३१ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाला आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली नेला, की तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. या स्थितीला अधिक्रांतिक अवस्था म्हणतात. तिच्यात त्याची घनता द्रवाच्या जवळ जाऊ शकते, वाहण्याची चपळाई मात्र वायूची राहते आणि तेलातील हलके घटक विरघळवून घेण्याची ताकद त्याच्या अंगी येते. जमिनीखाली साधारण आठशे मीटर खोलीवर ही परिस्थिती आपोआप निर्माण झालेली असते, त्यामुळे बहुतेक तेलसाठ्यांत पोहोचताच हा वायू त्याच रूपात वावरतो. तेलात शिरल्यावर तो दोन कामे एकाच वेळी करतो. तेल फुगते, म्हणजे त्याचे आकारमान वाढून काही भाग छिद्राबाहेर येतो, आणि त्याचा दाटपणा कमी होऊन ते सहज वाहू लागते. दाब पुरेसा असेल तर याच्याही पुढची पायरी गाठली जाते. वायू पुढे सरकताना तेलातील हलके घटक उचलत जातो, त्या घटकांनी समृद्ध झालेला वायू पुढच्या ताज्या तेलाला भेटतो आणि अशा अनेक भेटींनंतर दोहोंमधील सीमाच पुसली जाते. गॅरेजात यंत्राच्या सुट्या भागांवरचे ग्रीस पाण्याने निघत नाही आणि रॉकेलने चटकन निघते, त्यामागेही मिसळण्याचे हेच तत्त्व आहे.

ही सीमा ज्या किमान दाबाला पुसली जाते, त्याला किमान मिश्रण-दाब म्हणतात. प्रत्येक तेलासाठी आणि प्रत्येक तापमानासाठी तो वेगळा असल्यामुळे कोणत्याही प्रकल्पाआधी तो प्रयोगशाळेत मोजावाच लागतो. त्यासाठीचे साधन दिसायला साधे आहे. बारीक वाळू किंवा काचेचे मणी ठासून भरलेली, आतून सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि बारा ते पंचवीस मीटर लांब अशी पोलादी नळी वेटोळे करून भट्टीत ठेवतात, भट्टीचे तापमान साठ्याइतके राखतात, नळी त्या क्षेत्रातील तेलाने भरतात आणि एका टोकाकडून कार्बन डायऑक्साइड ठरावीक दाबाने हळूहळू आत सोडतात. दुसऱ्या टोकाला जाड काचेची खिडकी असते. दाब अपुरा असेल तर त्या खिडकीत काळे तेल आणि वायूचे बुडबुडे वेगवेगळे दिसतात. दाब पुरेसा असेल तर काळा रंग हळूहळू तांबूस, मग मधासारखा होत जातो आणि तेल कोठे संपले व वायू कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. निरनिराळ्या दाबांना किती टक्के तेल बाहेर आले याचा आलेख काढला, की तो आधी चढत जातो आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास आडवा होतो. हे वळण ज्या दाबाला येते, तोच किमान मिश्रण-दाब होय. पुण्यात कोथरूडच्या एमआयटी संस्थेत पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकवली जाते आणि जेथे हा विषय शिकवला जातो, तेथील अभ्यासात या वळणाला मध्यवर्ती स्थान असते, कारण पुढची सगळी आर्थिक गणिते त्यावर उभी राहतात.

या कल्पनेचे एक महत्त्वाचे पेटंट अमेरिकेत १९५२ मध्ये दिले गेले. मोठ्या प्रमाणावरचा पहिला व्यापारी प्रयोग मात्र जानेवारी १९७२ मध्ये, पश्चिम टेक्सासमधील स्करी परगण्यातल्या केली-स्नायडर क्षेत्रात सुरू झाला. नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत वेगळा काढून हवेत सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड तेथे नळाने आणण्यात आला. प्रयोग यशस्वी झाला, तशी मागणी वाढली आणि कारखान्यांचा वायू अपुरा पडू लागला. तेव्हा कोलोरॅडोतील मॅकेल्मो डोमसारख्या, जमिनीखाली निसर्गतःच साठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या भांडारांकडे उद्योग वळला आणि १९८४ पासून सुमारे आठशे किलोमीटर लांबीच्या नळातून तो टेक्सासकडे वाहू लागला. पर्यावरणाच्या दृष्टीने हे वळण दुर्दैवी म्हटले पाहिजे, कारण लक्षावधी वर्षे जमिनीखाली सुखाने पडून राहिलेला वायू वर काढून दुसरीकडे पुरण्याने हवेचे काहीही भले होत नाही. अमेरिकेतील या पद्धतीचा मोठा हिस्सा पुढेही अशाच नैसर्गिक वायूवर चालत राहिला.

वेगळे उदाहरण कॅनडाने घालून दिले. सस्कॅचवान प्रांतातील वेबर्न क्षेत्रात ऑक्टोबर २००० पासून जो वायू सोडला जातो, तो सीमेपलीकडे अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात कोळशापासून वायुरूप इंधन बनवणाऱ्या कारखान्यातून, सुमारे ३३० किलोमीटर लांबीच्या नळाने येतो. येथे एका देशाच्या धुराड्यातून सुटणारा वायू दुसऱ्या देशाच्या खडकात जातो, त्याच्या बदल्यात तेल मिळते आणि तेलाबरोबर वर आलेला वायू वेगळा करून पुन्हा खाली पाठवला जातो.

पद्धत सरळ वाटली तरी खडकात तिला अडथळे येतात. अधिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड तेलापेक्षा कितीतरी पातळ असतो, त्यामुळे तो एकसंध आघाडी करून पुढे न जाता बोटे फुटल्यासारखा घुसतो, सच्छिद्र थरांतून धावत थेट उत्पादक विहिरीत पोहोचतो आणि मधले तेल तसेच राहते. शिवाय तो हलका असल्यामुळे साठ्याच्या वरच्या भागात चढतो. यावर उपाय म्हणून काही काळ वायू आणि काही काळ पाणी असे आळीपाळीने सोडतात, म्हणजे पाणी वायूची वाट अडवते आणि त्याला आडवे पसरायला भाग पाडते. काही तेलांतील डांबरासारखे जड घटक या वायूच्या संपर्काने साक्याप्रमाणे खाली बसून छिद्रे बुजवतात. पाण्यात मिसळून होणारे कार्बोनिक आम्ल पोलाद खाते आणि चुनखडकाला विरघळवते. या सगळ्यातून वाट काढल्यावर मूळ साठ्याच्या साधारण ५ ते १५ टक्के जास्तीचे तेल मिळते. हा आकडा ऐकायला लहान असला, तरी मोठ्या क्षेत्रात त्याचा अर्थ अनेक वर्षांचे उत्पादन असा होतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठे क्षेत्र एकच आहे आणि ते समुद्रात आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ या खोदकाम नौकेने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय शोधले, २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले आणि १९८० च्या दशकात ते दिवसाला चार लाख बॅरलांच्या पुढे गेले. आता ते दीड लाख बॅरलांच्याही खाली आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड केली, यावरून या म्हाताऱ्या क्षेत्रातून अजून किती अपेक्षा आहेत हे दिसते. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होत असल्यामुळे या अपेक्षा अवास्तवही नाहीत. वाढीव तेलकाढणीच्या पद्धतींना उत्तेजन देणारे धोरण केंद्र सरकारने २०१८ मध्येच जाहीर केलेले आहे.

मग मुंबई हायमध्ये कार्बन डायऑक्साइड का सोडला जात नाही, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर खडकापासूनच सुरू होते. येथील मुख्य तेलथर मायोसीन काळातील चुनखडकाचा असून तो समुद्रतळाखाली सुमारे तेराशे मीटरवर, म्हणजे तुलनेने उथळ आहे. तरीही त्याचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर आहे. तेल हलके आहे ही अनुकूल बाब, परंतु उष्णता वाढली की किमान मिश्रण-दाबही वाढतो आणि खोली कमी असली की तेवढा दाब साठ्यात मुळातच नसतो. अनेक दशकांच्या उपशाने तो आणखी घटलेला असतो. अशा स्थितीत वायू तेलात पूर्णपणे मिसळण्याऐवजी अर्धवट विरघळेल, तेल फुगवेल, दाटपणा कमी करेल आणि लाभ मर्यादित राहील. मिसळल्याशिवायही लाभ होतो, हे तुर्कस्तानातील बाती रामान क्षेत्रात १९८६ पासून दिसून आले आहे. तेथील तेल मात्र अतिशय दाट आणि मुंबई हायचे हलके, त्यामुळे तो अनुभव जसाच्या तसा लागू होत नाही. चुनखडकाचे थर मध्ये मध्ये शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या अभेद्य खडकाच्या पट्ट्यांनी विभागलेले आहेत, त्यामुळे एका विहिरीत सोडलेला वायू शेजारच्या थरात पोहोचेलच अशी खात्री देता येत नाही.

दुसरे कारण पोलादाचे आहे. तेथील कित्येक फलाट आणि नळ १९७० आणि १९८० च्या दशकांतले आहेत आणि ते कार्बोनिक आम्ल सोसतील अशा मिश्रधातूंचे बनवलेले नाहीत. वर आलेला वायू वेगळा करून, कोरडा करून पुन्हा दाबाखाली खाली पाठवणारी जड यंत्रे बसवायला जुन्या फलाटांवर जागाही नाही आणि वजन पेलण्याची क्षमताही नाही. शिवाय उरणच्या किनाऱ्यावरून सुमारे दोनशे किलोमीटरचा स्वतंत्र नळ समुद्रतळावरून न्यावा लागेल. हे अशक्य मात्र नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, दोन हजार मीटर खोल पाण्याखालच्या कार्बोनेट खडकांतील तेलक्षेत्रांत तेलाबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइड तरंगत्या जहाजांवरच पटलांनी गाळून पुन्हा साठ्यात सोडला जातो आणि आता हे प्रमाण वर्षाला एक कोटी टनांपेक्षा अधिक आहे. पण ती जहाजे सुरुवातीपासून त्याच कामासाठी बांधलेली होती, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या फलाटाला नवे काम शिकवणे हा वेगळाच उद्योग आहे.

म्हणूनच भारतातील पहिले गंभीर पाऊल समुद्रात न पडता गुजरातच्या किनारपट्टीवर पडले. भरुच जिल्ह्यातील गांधार क्षेत्रासाठी इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांनी जुलै २०१९ मध्ये सामंजस्य करार केला. कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजन तयार करताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडावा आणि शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या गांधारमध्ये नेऊन सोडावा, अशी ही योजना आहे. गांधारचे वालुकाश्माचे थर अडीच-तीन किलोमीटर खोल असल्यामुळे दाब मुबलक आहे, तेल हलके आहे, क्षेत्र जमिनीवर आहे आणि वायूचा उगम जवळ आहे. या चार गोष्टी एका ठिकाणी जुळणे दुर्मीळच, आणि गांधारचे महत्त्व त्यातच आहे. भूगर्भाचा विचार करता हे क्षेत्र पुण्यालाही परके नाही. पुण्याच्या टेकड्या ज्या सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टच्या बनल्या आहेत, तोच दख्खनचा लाव्हा उत्तरेकडे खंबातच्या खोऱ्यात खाली खचलेला आहे आणि गांधारच्या तेलाचे थर त्याच्याच पाठीवर साचलेले आहेत.

खुद्द पुण्याखाली तेल नाही. पुणे या साखळीत येते ते वायूच्या उगमामुळे आणि येथे एक व्यावहारिक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्केच असतो, बाकीचा बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा करण्यासाठी अमाइन नावाच्या रसायनांच्या द्रावणात धूर धुऊन मग ते द्रावण तापवावे लागते आणि त्यात वीजकेंद्राच्या उष्णतेचा मोठा वाटा खर्च होतो. या खर्चाला पर्याय शोधण्याच्या प्रयत्नांत पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने वायू-हायड्रेटवर, म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या स्फटिकांच्या पिंजऱ्यांत वायू अडकवून तो वेगळा करण्याच्या पद्धतीवर संशोधन केले आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीत विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने कार्बन पकडण्याचे व वापरण्याचे राष्ट्रीय केंद्रही उभे राहिले आहे. परंतु काही ठिकाणी हा वायू जवळजवळ शुद्ध स्वरूपात आयता बाहेर पडतो आणि पुणे जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्या त्यांत मोडतात.

मळीतील साखरेचे यीस्टकडून इथेनॉल होताना जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड फसफसून वर येतो. हिशेब केला तर एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. आंबवणीच्या टाकीवरून निघणारा हा वायू पाण्याने धुतला, की त्यात सोबत आलेली थोडी अल्कोहोलची वाफही परत मिळते आणि उरतो तो इतका स्वच्छ असतो, की काही आसवन्या तो बाटलीबंद पेयांसाठी आणि कोरड्या बर्फासाठी विकतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांचा असाच वायू जवळच्या तेलक्षेत्रांत सोडला जातो. त्यामुळे बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातही तसे का होऊ नये, असा विचार मनात येतो. आकडे मात्र आवर घालतात. दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल करणाऱ्या आसवनीतून सुमारे ७५ टन वायू निघतो, आणि वेबर्नमध्ये सुरुवातीलाच दिवसाला सुमारे ५००० टन वायू लागत होता. म्हणजे अशा पासष्ट-सत्तर आसवन्या एका नळाला जोडाव्या लागतील, त्याही उसाचा गाळप हंगाम आटोपल्यावर मळी पुरेल तेवढ्याच चालणाऱ्या, आणि तेलसाठ्याला वायू बारमाही, एकसारखा लागतो. शिवाय घाट ओलांडून समुद्रापर्यंतची वाट उरतेच.

यापेक्षा तळोजाचा पर्याय अधिक विचारात घेण्यासारखा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या दीपक फर्टिलायझर्स समूहाचा अमोनिया कारखाना तेथे २०२३ मध्ये सुरू झाला असून त्याची क्षमता वर्षाला सुमारे पाच लाख टनांची आहे. नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवताना टनामागे साधारण सव्वा टन शुद्ध कार्बन डायऑक्साइड वेगळा होतो. अलिबागजवळच्या थळसारख्या ठिकाणी अमोनियाचा युरिया होत असल्याने हा वायू त्यातच खर्ची पडतो, पण नायट्रिक आम्ल आणि अमोनियम नायट्रेट करताना त्याची गरज नसते. उरणपासून थोड्याच अंतरावर असा एकवटलेला उगम असणे, ही मुंबई हायविषयी पुढे कधी निर्णय झाला तर मोलाची गोष्ट ठरेल.

एवढे सगळे करून हवेचे भले होते का, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण या पद्धतीची जाहिरात हवामान-उपाय म्हणून होत असते. एक बॅरल तेल वापरून जाळले की सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकेतील अनुभवानुसार एका बॅरलमागे ३०० ते ६०० किलो वायू जमिनीत सोडला जातो. म्हणजे वायू कारखान्यातून आलेला असेल, प्रमाण वरच्या टोकाचे असेल आणि तेलासोबत वर आलेला वायू प्रत्येक वेळी पुन्हा खाली गेला, तर जमाखर्च साठवणुकीच्या बाजूने झुकू शकतो. वायू नैसर्गिक भांडारातला असेल तर तो कधीच झुकत नाही. तेल कंपनीचा स्वभाव कमीत कमी वायूत जास्तीत जास्त तेल काढण्याचा असतो, कारण वायू विकत घ्यावा लागतो. हवामानाला मात्र याच्या नेमके उलट हवे असते. या दोन हितांमधले अंतर कार्बनच्या किमतीने आणि कायद्यानेच भरून निघू शकते, कंपन्यांच्या सदिच्छेवर ते सोपवता येणार नाही.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच हिशेबात येतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० रोजी मुसळधार पावसानंतर जमीन खचून कार्बन डायऑक्साइडचा नळ फुटला. हवेपेक्षा जड असलेला वायू सखल भागात साचला, ऑक्सिजनअभावी मोटारींची इंजिने बंद पडली, सुमारे ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि दोनशेच्या आसपास लोकांना घरे सोडावी लागली. सह्याद्रीत पावसाळ्यात दरडी कोसळतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना घाटातून असा नळ आखताना काय काय पाहावे लागेल हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

जमिनीखालच्या गळतीची भीती याहून अवघड, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. गळतीची सर्वांत संभाव्य वाट खडकातून नसून माणसाने पाडलेल्या जुन्या विहिरींतून असते, जिथले सिमेंट आम्लाने झिजू शकते. वेबर्न परिसरातील एका शेतकरी कुटुंबाने २०११ मध्ये आपल्या शेतात वायू झिरपत असल्याची तक्रार केली, तेव्हा स्वतंत्र तपासणीत तो मातीतील जीवाणूंनी तयार केलेला नैसर्गिक वायू असल्याचे आढळले. हे सिद्ध करण्यासाठी शास्त्रज्ञांना मातीतील कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांची गुणोत्तरे आणि कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासावे लागले, म्हणजे वायू जमिनीखालून आला की मुळांजवळ तयार झाला हे रसायनशास्त्राच्या साक्षीने ठरवावे लागले. गांधारमध्ये पहिला पंप सुरू होण्याआधी तेथील जुन्या विहिरींची नोंद तपासणे, भोवतालच्या मातीतील आणि भूजलातील वायूचे प्रमाण निदान एका वर्षाच्या सर्व ऋतूंत मोजणे आणि ते आकडे गावकऱ्यांना पाहता येतील असे जाहीर करणे म्हणूनच गरजेचे आहे. आधीची नोंद नसेल, तर नंतर उद्भवलेल्या कोणत्याही तक्रारीचे उत्तर ओएनजीसीलाही देता येणार नाही आणि तक्रार करणाऱ्यालाही मिळणार नाही.